भेटणाऱ्यांच्या वहीतली सही

२६ एप्रिल

अरे रेड्या,

हे पत्र तुझी बायको लिहितेय, पण ते तिचं नाही, माझं आहे. तिनं कागद घेण्याआधीच अट घातली, "आई, तुमच्या तोंडचं लिहीन. माझ्याकडून त्यांना एक अक्षर जाणार नाही." म्हटलं, बाई, तू नळ हो, पाणी माझं. तेव्हा ओळखीचं अक्षर दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. आणि तुझ्याआधी पत्र फोडून वाचणारे जे कोणी तुरुंगातले साहेब असतील, त्यांना माझा नमस्कार. साहेब, चष्मा पुसून बसा, म्हातारी लांबण लावते.

दोनदा भेटीला आले. दोन्ही वेळा चार-चार तास रांगेत उभी राहिले आणि दोन्ही वेळा शिपाई येऊन म्हणाला, "आजी, तो नाही म्हणतो." म्हटलं, लहानपणी आंघोळीलाही नाहीच म्हणायचा, मी कान धरून न्यायची, मला आत सोड. हसला मेला. सोडलं काही नाही.

फोरमनचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. पाच दात गेले. तारेनं तोंड शिवून ठेवलंय, नळीतून पातळ घालतात. ते तुला माहीत असेलच, हात तुझाच होता. माहीत नाही ते सांगते. कारखान्याचं पत्र आलं. तुझ्या बायकोनं उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसली. 'गंभीर गैरवर्तनाबद्दल बडतर्फ. कुटुंबाचा आरोग्य विमा ५ एप्रिलपासून बंद.'

फ्रिजमध्ये तुझ्या पोरीच्या, मुंगीच्या औषधाच्या नऊ बाटल्या उरल्यात. लोकांची पोरगी पडली की पोरगी रडते, आपली पडली की आपण रडतो. रक्त एकदा सुटलं की बाटलीतलं औषध टोचल्याशिवाय थांबत नाही. एका बाटलीची किंमत माझ्या टपरीवरचा दोन महिन्यांचा चहा. विम्यावर मिळायच्या म्हणून नऊ वर्षं आपण कधी मोजल्या नाहीत. आता रोज सकाळी फ्रिज उघडून मोजतो, जणू काही अंडी घालतात त्या.

विम्याच्या कचेरीत आम्ही दोघी जाऊन आलो. खिडकीवरच्या बाईला सर्दी झालेली, पण सांगितलं तिनं नीट. माणसानं आपण होऊन नोकरी सोडली असेल, तर घरच्यांना साठ दिवसांत अर्ज करून तोच विमा दीड वर्ष चालू ठेवता येतो, फक्त हप्ता सगळा आपण भरायचा. मारामारीवरून काढला असेल तर नाही. साठावा दिवस ४ जून.

मी विचारलं, "आणि आधी सोडली, मग मारलं, असं असेल तर?"

ती शिंकली आणि म्हणाली, "मग तो आमच्या लेखी मारणारा कामगार नव्हता, आजी. बाहेरचा माणूस होता. पण कागद लागेल."

तुझी जबानी मी ऐकलीय. प्रेस मशीनजवळ बोलाचाली झाली, डोकं फिरलं, हातात पाना होता, हाणला. सगळं एका दमात. वकील खूश आहे. रागाच्या भरात झालं म्हणजे दोन वर्षांत सुटशील म्हणतो. पण तू नीट आठव. आधी बिल्ला टाकून बाहेर पडला होतास का? मी काही पाहिलं नाही हो. मी गेटासमोर टपरीवर पाठमोरी कप विसळत होते. आईला आपलं उगाच वाटतं.

उत्तर दे. नऊ बाटल्या आहेत.

तुझी आई
(अंगठा)

९ मे

अरे,

उत्तर नाही. तिसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा नाही म्हणालास. आता तो शिपाई मला लांबूनच बघून मान हलवतो.

म्हटलं, मुलगा बोलत नाही तर ज्याला मारलं त्याच्याकडे जावं. गेले फोरमनच्या घरी. एकटी. तुझ्या बायकोला सांगितलं असतं तर तिनं दार लावून कडी घातली असती. ही बघ, आत्ता लिहितानाही कपाळाला हात मारतेय.

फोरमन खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. तोंड सुजून भोपळा झालेला, एक डोळा अजून लाल. वीस वर्षं माझ्या हातचा चहा प्यायला तो माणूस. साखर दोन चमचे. आता त्याच्या मांडीवर मुलांची पाटी.

मी म्हटलं, "साहेब, एवढंच सांगा. तो आधी काम सोडून गेला होता ना? तुम्ही त्याला म्हणालात, तुझ्या पोरीच्या रक्तापायी आमचा सगळ्यांचा हप्ता वाढला, एकदाची वाहून जाऊ दे ती. त्यावर तो बिल्ला टाकून चालता झाला. हो ना?"

त्यानं खडू उचलला. मग पाटीवर लिहिलं. मी त्याच्या बायकोला म्हटलं, "वाच गं, मला येत नाही."

तिनं वाचलं, "माझा जबडा कंपनी जोडून देतेय. कंपनी म्हणेल तेच मी म्हणेन."

त्याच्यावर मला रागच येईना. त्याचाही विमा, त्याचंही घर. मी उठताना एवढंच म्हणाले, "पोरीबद्दल तसं बोलायला नको होतं." तेवढ्यावर ती बाई उसळली. "पोरीबद्दल? आणि माझ्या नवऱ्याला नळीतून गिळायला लावलं ते?" माझा अंबाडा धरला आणि मला दारापर्यंत फरफटत नेलं. उंबऱ्यावर गुडघा फुटला. मीही काही कमी नाही, तिच्या मनगटाला चावले. खाली तीन आणि वर दोन दात राहिलेत, पण जागा बरोबर धरतात. दोघी म्हाताऱ्या दारात लोळतोय आणि फोरमन खुर्चीत पाटी आपटतोय, ओरडता येत नाही म्हणून. त्या आवाजानं आम्ही थांबलो. तिनं मला उठवलं. पाणी दिलं. मग दार तोंडावर लावलं.

आता तुझी बायको लिहायची थांबलीय. विचारतेय, "आई, फोरमन काय बोलला ते तुम्हाला कसं कळलं? ह्यांच्या जबानीत तर ते नाही."

कारखान्यात कुजबुज असते गं. टपरीवर सगळं ऐकू येतं. लिही पुढे.

सात बाटल्या राहिल्यात. डॉक्टर म्हणतात एक दिवसाआड टोचायचं, आम्ही आठवड्यातून एकदाच टोचतो आणि पोरीला खुर्चीवर बसवून ठेवतो. काल मला म्हणाली, "आजी, मी काय फुलदाणी आहे?" तुझ्यावर गेलीय. तोंडाळ.

तुझी आई
(अंगठा)

२० मे

अरे,

मुंगीची दाढ पडली. दुधाची. बाकीच्या घरांत दाढ पडली की कौतुक होतं. आपल्याकडे सकाळी दूध पिता पिता तिनं तोंडात बोट घातलं, "आजी, बघ," म्हणाली, आणि पेल्यातलं दूध गुलाबी झालं.

पहिली बाटली टोचली. थांबलं नाही. तुझ्या बायकोनं कापडाची घडी करून पोरीच्या जबड्यात धरली, मी मागून डोकं दाबून धरलं. दोघींनी मिळून आपल्याच पोरीला धरलं होतं, जसं काही कोणी जनावराला औषध पाजतं. ती लाथा मारत होती. घड्या भिजत होत्या. मी जमिनीवर बघत होते आणि म्हणत होते, एवढंसं पोर, एवढं कुठून आणलं. दुसरी बाटली. तिसरी. चौथीला दुपारी थांबलं. पोरगी कागदासारखी पांढरी झाली आणि झोपेत म्हणाली, "दाढ टाकू नका, मला दाखवायचीय." कोणाला ते नाही म्हणाली.

फरशी पुसता पुसता तुझी बायको तुला जे जे म्हणाली ते मी इथं लिहायला सांगत नाही. एवढंच घाल गं, चल. "त्यांना एक फटका मारायची हौस, आणि माझ्या पोरीनं त्यात जायचं." दीड महिना ती हेच म्हणतेय. दीड महिना मी ऐकतेय, आणि मान डोलावतेय.

दोन बाटल्या उरल्या.

मग मी फडकं तिथंच टाकलं आणि कारखान्याच्या गेटवर गेले. साहेब, आता जे येतंय ते नीट वाचा, हवं तर दोनदा वाचा, मी लपवायचं सोडलंय.

गेटवरचा मिशीवाला वॉचमन तुला आठवतोच. मागच्या वर्षी बिल्ला नसलेल्या कामगाराला आत सोडलं म्हणून त्याचा पगार कापला होता. तेव्हापासून तो नियमाचा एवढा पक्का झालाय की मॅनेजरच्या बायकोलासुद्धा सही केल्याशिवाय आत सोडत नाही. मी त्याला म्हटलं, "भाऊ, भेटणाऱ्यांची वही काढा. ५ एप्रिल."

तो इकडेतिकडे बघायला लागला. "ती पाहुण्यांची वही आहे, आजी."

"तेच म्हणते. काढा."

काढली. मला वाचता येत नाही, पण तुझी सही मी ओळखते. शाळेच्या पहिल्या दिवसापासून ती तशीच, शिंगं खाली घालून धावत सुटल्यासारखी. वॉचमननं हळू आवाजात वाचलं. 'दुपारी तीन पंचवीस. कोणाला भेटायचं, फोरमन. कशासाठी, वैयक्तिक.' त्याच्या आधी हजेरीच्या वहीत त्यानंच तीन दहाला लिहिलं होतं, 'बिल्ला आणि लॉकरची किल्ली जमा, काम सोडलं.' ते पान कंपनीनं फाडलं. पाहुण्यांची वही मात्र कोणी उघडलीच नाही. पाहुण्यांत कामगाराला कोण शोधणार?

तो वॉचमन मला म्हणाला, "मी त्याला अडवलं हो, आजी. म्हटलं, बिल्ला नाही, असा आत नाही जाता येणार. तर म्हणाला, मग पाहुणा म्हणून लिहा. माझंच पेन घेऊन सही केली. पेन परत दिलं. थँक्यू म्हणाला." आणि डोळे पुसायला लागला. "मी लिहिलं नसतं तर तो भिंत चढून गेला असता का, तेवढं मला सांगा."

काय सांगू त्याला? तू भिंत चढला नसतास. तू परत आला असतास आणि उरलेला चहा प्यायला असतास.

तुझी बायको पेन थांबवून विचारतेय, "आई, वहीचं तुम्हाला आजच कसं सुचलं? दीड महिन्यानंतर?"

अचानक आठवलं गं.

"अचानक?"

लिही. खिडकीवरच्या सर्दीवाल्या बाईला सांगून झालंय. ती कंपनीकडून वहीची नक्कल मागवतेय.

तुझी आई
(अंगठा)

२३ मे

अरे माझ्या वासरा,

काल वकील आला होता. चहा घेतला नाही. म्हणाला, "आजी, तुम्ही काय करून बसलात? वहीतून काय सिद्ध होतं माहितीये? माणूस नोकरी सोडून बाहेर गेला, पाव तास शांतपणे बसला, ठरवून परत आला, सही करून आत गेला, दुसऱ्याच्या कपाटातून पाना उचलला आणि मारला. ह्याला रागाच्या भरात म्हणत नाहीत. ह्याला सात वर्षं म्हणतात."

तुझ्या बायकोनं विचारलं, "मग वही नको दाखवायला?"

"दाखवली नाही तर दोन वर्षं. पण मग विमा नाही."

आम्ही तिघंही मुंगीकडे बघायला लागलो. ती खुर्चीत बसून चित्र रंगवत होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "काय? आता काय केलं मी?"

वकील जाताना म्हणाला, "त्या पाव तासात काय झालं हे कोणालाच माहीत नाही, तीच तर गोची आहे."

मला माहीत आहे. तुझ्या बायकोला मी म्हटलं, कागद काढ. आणि आता ती लिहितेय, बघ कशी खाली मान घालून.

मी कप विसळत नव्हते. मी तुझ्यासमोर बसले होते. तू गेटातून आलास तेव्हा तुझे हात असे कापत होते की मी बशी काढून घेतली. फोरमन काय म्हणाला ते तू मला सांगितलंस. मुंगीचं. वाहून जाऊ दे म्हणाला ते. मग म्हणालास, "आई, मारलं असतं त्याला. म्हणून नोकरीच टाकून आलो. बघू दुसरं काही." कपातला चहा तू फुंकून फुंकून प्यायला लागलास. अर्धा संपला. तुझे हात थांबले. बाहेरच्या कुत्र्याला पाव टाकलास. माझा मुलगा जन्मात पहिल्यांदा न मारता उठून आला होता, आणि मला ते दिसत होतं.

आणि मी म्हटलं, "आणि तू ऐकून घेतलंस?"

बस्स, एवढंच. आवाजही चढवला नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, कप ठेवलास, आणि उठलास. मी अडवलं नाही. वॉचमनशी बोलताना तू दिसत होतास. वहीवर वाकताना दिसत होतास. मला वाटलं, दोन थपडा देईल, ऐट उतरवेल. वाटलं असं सांगते. खरं तर मला बरं वाटलं. छाती फुगली.

तुला मारायला मीच शिकवलं. तुझा बाप मला पट्ट्यानं फोडायचा, तेव्हा दहा वर्षांच्या तुझ्या हातात स्टुलाचा पाय कोणी दिला? त्याचं मनगट मोडलं तेव्हा तू घाबरून रडत होतास, आणि मी तुझी पाठ थोपटत होते. तेव्हापासून कोणी काही बोललं की तू आधी माझ्याकडे बघतोस. त्या दिवशीही बघितलंस.

तुझ्या जबानीत मी कुठेच नाही. म्हणून तू भेट नाकारतोस, असं मी स्वतःला सांगत होते, मला वाचवायला नाकारतो. पण तेवढंच नसेल. तुला माझं तोंड बघवत नसेल. बघवायचं नाहीच ते.

इथं पत्र तुटलंय. हा डाग शाईचा आहे, घाबरू नकोस. तुझ्या बायकोनं पेन भिंतीवर फेकलं आणि मला मारलं. उघड्या पंजानं, दोनदा. दुसरी कानावर बसली, अजून शिट्टी वाजतेय. म्हणाली, "दीड महिना मी त्यांना शिव्या देतेय आणि तुम्ही बसून ऐकताय!" मी हात वर केला नाही. आमच्या घरात बायका हात वर न करता मार खात नाहीत, पण हा माझा होता. मुंगी दारात येऊन उभी राहिली. तिला बघून हिचा हात खाली आला.

अर्ध्या तासानं ती दुसरं पेन घेऊन बसलीय. म्हणतेय, "मी मारलं तेही लिहायचं का?" म्हटलं, "लिही. तुझ्याच अक्षरात शोभेल."

तुझी आई
(अंगठा)

२ जून

अरे,

आधी कामाचं. विमा चालू झाला. दीड वर्ष, ५ एप्रिलपासून धरून. कंपनीच्या स्वागताच्या टेबलवरच्या मुलीनं वहीची नक्कल देऊन टाकली, पाहुण्यांचीच तर वही, तिला कोणी नको म्हणून सांगितलं नव्हतं. अर्जावर तुझी सही लागते असं आम्हाला वाटत होतं, नाही लागत. खिडकीवरची बाई म्हणाली, ज्याचा विमा तो आपला आपण मागू शकतो, लहान मुलांचा आईनं. तुझ्या बायकोनं सही केली. एवढी जोरात की खालचा कागद फाटला. हप्त्याला माझी टपरी गेली. गिऱ्हाईक बदललं नाही, फक्त चहा आता दुसरी बाई करते. फार पांचट करते.

काल बारा बाटल्या आल्या. मुंगी खुर्चीतून उतरली आणि आधी मला ढकलून पळाली. बरं वाटलं.

पोलिसात मी मंगळवारी गेले. इन्स्पेक्टर तरुण आहे. म्हणाला, "आजी, तुम्ही हे कशाला सांगताय? ही चिथावणी होते. तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो." मी विचारलं, "तुरुंगात म्हाताऱ्यांना मऊ जेवण देतात का?" त्यानं कागद पुढे ओढला. जबानी लिहून घेतली, वाचून दाखवली, चार ठिकाणी अंगठा घेतला. वकील म्हणतो, माझी साक्ष टिकली तर तुझे सातचे चार होतील. कदाचित साडेचार. दोनचे चार मी केले, सातचे चारही मीच केले, आता तू कोणता हिशोब धरायचा तो धर.

फोरमनच्या तारा निघाल्यात. त्याची बायको बाजारात दिसली. मी तिच्या मनगटाकडे बघितलं, तिनं माझ्या गुडघ्याकडे. भाजी तिनं माझ्याआधी घेतली.

तुझी बायको माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, औषधाची गोळी पुढे ठेवते, पत्र म्हटलं की कागद घेऊन बसते. पण बोलत नाही. बोलायला लागली तर कळवीन. अर्थात तिलाच लिहावं लागेल. आत्ता तोंड वाकडं केलं तिनं. हसली नाही, पण वाकडं केलं.

१९ जूनला सुनावणी आहे. तुला आणतील, मलाही बोलावलंय. तिथं तुला भेट नाकारता यायची नाही, एकाच खोलीत बसवतात म्हणे सगळ्यांना. तू माझ्याकडे बघ असं मी म्हणत नाही. भिंतीकडे बघ, पंख्याकडे बघ. पण सरकारी वकील मला विचारणार आहे की तुम्ही त्याला नेमकं काय म्हणालात, आणि आपल्या वकिलानं सांगितलंय, शब्दाला शब्द सांगायचं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तेव्हा मी ते पुन्हा म्हणेन. चारच शब्द आहेत.

मी तोंड उघडलं की तू कानांवर हात ठेव. हातात बेड्या असतील तर खांद्यात मान घाल. ते शब्द माझ्या तोंडून तू दुसऱ्यांदा ऐकायचे नाहीत.

तुझी आई
(अंगठा)